मोहापुढे निर्धार पुरतो का? तरुण संघातल्या शपथेवरून काही प्रश्न

खजिनदार (नगर)

सर्वांना सलाम.

गेल्या रविवारी आमच्या चर्चच्या तरुण संघात 'मोहावर विजय' या विषयावर बोलायला एक पाहुणे आले होते. माणूस तळमळीचा होता, पण बोलणं सगळं एकाच गोष्टीभोवती फिरत राहिलं: मन घट्ट करा, ठरवलं की काहीही जमतं. शेवटी पोरांना उभं केलं आणि हात वर करून शपथ घ्यायला लावली. दारू नाही, जुगार नाही, खोटं नाही. मी मागच्या बाकावर बसलो होतो आणि माझ्या पोटात कालवत होतं. अशा शपथा मीही घेतल्या आहेत आणि त्या कुठे मोडतात ते मला ठाऊक आहे.

मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार. उपासना संपली की अर्पणाच्या थैल्या ऑफिसात येतात, तिथे दोघांनी मिळून पैसे मोजायचे आणि वहीत दोघांनी सही करायची, हा नियम. पण माझ्याबरोबर मोजणारे वडील (म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ पुढारी, माझे बाबा नव्हेत) "तुमच्यावर काय शंका घ्यायची?" म्हणून हळूहळू थेट घरी जाऊ लागले. सही पुढच्या रविवारी करायचे. मला ते आवडायचं. मंडळीचा केवढा विश्वास आहे आपल्यावर, असं वाटायचं.

सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये मुलीच्या फीला अठराशे रुपये कमी पडले. त्या रविवारी पाऊस होता. बऱ्याच नोटा ओल्या आल्या होत्या, म्हणून टेबलावर पसरून पंख्याखाली वाळत घातल्या होत्या आणि उडू नयेत म्हणून वर उपासना संगीताची पुस्तकं ठेवली होती. मी पाचशेच्या चार नोटा काढल्या आणि खिशातले सुटे दोनशे टेबलावर ठेवले. हिशोबाने वागतोय असं स्वतःलाच दाखवत होतो. पगार झाल्यावर सगळे परत ठेवले. वहीत काही दिसलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा हात गेला, आणि या वेळी फीचं निमित्तही नव्हतं. घरी येऊन शपथ घेतली. ती शपथ पाच आठवडे टिकली.

तिसऱ्या वेळी थैलीत हात घातला आणि एकदम आठवलं की येशूला धरून देणाऱ्या यहूदाकडेही थैलीच होती. योहानाच्या बाराव्या अध्यायात आहे. थैली तशीच ठेवली आणि त्या वडिलांच्या घरी चालत गेलो. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "चूक माझीही आहे. मी घरी येत होतो."

'आपण उभे आहोत असे ज्याला वाटते त्याने पडू नये म्हणून जपावे' हे वचन मला लहानपणापासून पाठ होतं, पण मी ते कायम दारू पिणाऱ्यांसाठी समजत आलो. त्याच्या लगेच पुढचं वचन, परीक्षेबरोबर देव तिच्यातून निभावण्याचा उपायही करील, हे मात्र हक्काने स्वतःला लावायचो. उपाय समोरच होता, दुसऱ्या माणसाच्या रूपाने, आणि मी त्याला घरी जाऊ देत होतो. येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही हेच झालं. "सर्व जण अडखळले तरी मी अडखळणार नाही" असं तो जेवणाच्या रात्री म्हणाला. त्याच रात्री कोंबडा आरवायच्या आत त्याने येशूला नाकारलं. त्याच्या निर्धारात खोट नव्हती, पण त्याला स्वतःची माहिती नव्हती.

म्हणून विचारतो. पोरांना शपथ द्यायच्या आधी "मी पडू शकतो, प्रभू, मला धर" एवढं म्हणायला आपण का शिकवत नाही?

बँकवाली (पुणे)

खजिनदारदादा, हे इथे लिहायला छाती लागते. पण निष्कर्ष पटला नाही, तेही स्पष्टच लिहिते.

मी बावीस वर्षं रोकड सांभाळते. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. त्या दोघांत नम्र कोण आणि गर्विष्ठ कोण, हे कोणी पाहत नाही. तरी पैसे जागेवर राहतात. तुम्हालाही दुसरी सहीच वाचवू शकली असती. त्याला 'देवावर विसंबणं' म्हटलं की पोरं ऐकतात एवढंच, की आपण काही करायचं नाही, वरून कोणीतरी करणार आहे.

उत्पत्तीचा ३९वा अध्याय काढून बघा. मालक पोटीफराच्या बायकोने योसेफाला मोहात पाडायला त्याचं वस्त्र धरलं. तो गुडघे टेकून बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. प्रेषित पौल तर पैलवानासारखा बोलतो: 'मी आपले शरीर कुदलतो व त्याला दास करून ठेवतो.' कुदलणं म्हणजे स्वतःला मारून वठणीवर आणणं. हे निर्धाराचं काम नाही तर कशाचं? शपथेत काय वाईट आहे? लग्नात वेदीपुढे आपण शपथच घेतो ना? ती मोडणारे असतात म्हणून घ्यायचीच नाही का?

वीस वर्षांच्या मुलाला "तू दुबळा आहेस" असं दर रविवारी सांगितलं तर तो दुबळाच होतो. हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

वसईहून

ताई, तुमचा मुद्दा सोळाशे वर्षं जुना आहे आणि तेव्हाही तो मांडणारा माणूस प्रामाणिक होता.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात देवाला म्हटलं आहे की, जी आज्ञा करतोस ती पाळायचं बळ दे, मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये एका बिशपांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा पेलागियुस नावाचा संन्यासी अस्वस्थ झाला. त्याला वाटलं, आता प्रत्येक जण म्हणेल की बळच मिळालं नाही तर मी काय करू? रोममधले ढिले ख्रिस्ती लोक त्याच्या डोळ्यांसमोर होते. माणूस स्वतःच्या निर्धाराने चांगला वागू शकतो, असं तो शिकवायचा. तरीही ४१८ साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण नाकारली. देवाच्या कृपेमुळे चांगलं वागणं नुसतं सोपं होतं असं नाही, कृपेशिवाय ते होतच नाही, असं सभेने ठरवलं. मला हे फार धीराचं वाटतं. मी प्रयत्न करतो, पण तो प्रयत्न करावासा वाटतो हेही देवाचंच देणं आहे. फिलिप्पैकरांस पत्रात दोन्ही गोष्टी एका दमात आहेत: 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या', आणि लगेच, इच्छा व कृती साधून देणारा तो देव आहे.

इजिप्तच्या वाळवंटातल्या संत अंतोनींची एक आठवण सांगतात (पादुआचे नव्हेत, त्यांच्या हजारभर वर्षं आधीचे). त्यांना सगळ्या पृथ्वीवर सैतानाचे सापळे पसरलेले दिसले. "यातून कोण निसटणार?" असं ते कण्हले, तेव्हा आवाज आला: नम्रता. पुरात झाडं जातात आणि लव्हाळी तरतात हे आपल्याकडे नदीकाठच्या कोणालाही कळतं.

विषय थोडा बाजूला जातो, पण हेही लिहितो. प्रभूच्या प्रार्थनेत तुम्ही 'आम्हांस परीक्षेत आणू नकोस' म्हणता. ज्या ग्रीक शब्दाचं हे भाषांतर आहे त्याचे दोन्ही अर्थ होतात, परीक्षा आणि मोह. मराठी बायबलात याकोबाच्या पहिल्या अध्यायात एकाच वाक्यात दोन्ही शब्द वापरावे लागले आहेत: परीक्षा होत असता 'देवाने मला मोहात घातले' असे म्हणू नये. इटलीत तर या ओळीचे शब्द २०२० पासून मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) बदलले, देव स्वतः मोहात नेतो असं लोकांना वाटू नये म्हणून. मला त्या ओळीत लहान मुलाचा आवाज ऐकू येतो, गर्दीत बापाचं बोट घट्ट धरणाऱ्या मुलाचा.

परिचारिका (मिरज)

मला तुमचं बोलणं कळतं, पण ते ऐकणाऱ्याचं काय होतं ते बघा.

माझ्या बहिणीचा नवरा प्यायचा. दर बुधवारी प्रार्थनासभेत उभा राहून रडायचा, "मी दुबळा आहे, प्रभूच मला उचलेल." बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. शनिवारी पुन्हा तेच, आणि मार बहिणीला. तिने माहेरी यायचं म्हटलं तर तिला काय सांगितलं माहीत आहे? निघून जाणं हाच सैतानाचा मोह आहे, नम्र राहा, प्रार्थना कर. नम्रतेचा उपदेश तिला, आणि नम्रतेचं कौतुक त्याला. अकरा वर्षं.

वॉर्डातलंही सांगते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने प्रार्थना करून एका रात्रीत दारू तोडली आणि दुसऱ्या दिवशी फिट आली म्हणून स्ट्रेचरवरून आणला, असं मी पाहिलं आहे. शरीराला सवय झालेली असते. एकदम तोडली तर हातपाय थरथरतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टर लागतो, औषध लागतं. हे न सांगता 'देवावर टाक' म्हणणं मला पाप वाटतं.

मद्यपी अनामिक, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना, तिचं काम १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी सुरू झालं. दारूपुढे आपण हतबल आहोत हे कबूल करणं ही त्यांची पहिली पायरी. सगळे तेवढंच सांगतात. आठव्या पायरीवर ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची असते आणि नवव्या पायरीवर त्यांची भरपाई. माझ्या मेव्हण्याच्या यादीत पहिलं नाव कोणाचं यायला हवं होतं?

दादा, एक विचारते, राग मानू नका. तुम्ही त्या वडिलांना सांगितलंत. पैसे मंडळीचे होते. मंडळीला सांगितलंत का?

इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष

मी कधी लिहीत नाही इथे. मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळतो. हॉस्टेलचे पैसे गेले. दोनदा ॲप काढून टाकलं, पहाटे पुन्हा घेतलं. आमच्याकडेही हात वर करून शपथ झाली होती. मी पण हात वर केला होता.

एकदा हिंमत करून प्रार्थनागटात सांगितलं. आठवडाभरात आईला बाजारात कोणीतरी विचारलं, "मुलासाठी प्रार्थना करतोय हो आम्ही." त्यानंतर कोणालाच सांगितलं नाही. नम्र व्हायचं तर कोणापुढे व्हायचं?

खजिनदार (नगर)

मिरजच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस काही लिहिता आलं नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीपुढे सांगितलं, पद सोडलं, वर्षभराने त्यांनीच पुन्हा बोलावलं तेव्हा दोन सह्यांशिवाय थैली उघडणार नाही या अटीवर आलो. सगळ्या मंडळीपुढे नाही सांगितलं. मुलीच्या फीचं निमित्त होतं, तिला लाज वाटेल असं स्वतःला समजावलं. बायबलातल्या जकातदार जक्कयाने मात्र सगळ्यांसमोर उभं राहून चौपट परत करतो म्हटलं होतं. याहून जास्त उत्तर आज माझ्याकडे नाही.

तुमच्या बहिणीला जे सांगितलं गेलं त्याला नम्रता म्हणू नका, ही विनंती. प्रभूने नम्रता शिकवली ती स्वतः कमरेला रुमाल बांधून, शिष्यांचे पाय धुऊन. मार खाणाऱ्या बाईला ती शिकवायचा अधिकार त्याने कोणाला दिलेला नाही. आणि स्वतःच्या दुबळेपणावर सभेत रडून घरी हात उगारणारा माणूस अजून नमलेलाच नाही.

बँकेतल्या ताई, तुमचं बरंच मान्य. फक्त एक सांगतो. दोन किल्ल्यांचा नियम आमच्याकडेही होता, वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला. तो मोडला तेव्हा मी बेशिस्त नव्हतो. मला नियमाची गरज नाही, असं मला आणि सगळ्यांना वाटत होतं. दुसऱ्या किल्लीची गरज मान्य करणं यालाच मी देवापुढे नमणं म्हणतो. पौलाचंही तसंच होतं. यरुशलेमेसाठी वर्गणी जमवली तेव्हा त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर दुसरा भाऊ, म्हणजे दुसरा विश्वासू ख्रिस्ती माणूस, पाठवला, कोणी दोष ठेवू नये म्हणून. २ करिंथ, आठवा अध्याय. शरीर कुदलणारा पौल तोच. आणि योसेफ पळाला खरा, पण त्याआधी "देवाच्या विरुद्ध पाप कसे करू?" म्हणाला. त्याला पाय कुठून मिळाले ते त्या वाक्यात आहे.

बँकवाली (पुणे)

पौलाच्या दुसऱ्या भावाचं मला सुचलं नव्हतं. नियमही माणूसच मोडतो, हे घेतलं.

पण माझ्या शाखेत असे दोघे होते की कधी देवळात गेले नाहीत, चर्चमध्ये गेले नाहीत, तीस वर्षं नोटा मोजून एक पै न उचलता निवृत्त झाले. त्यांना कोणी धरलं होतं? वसईच्या दादांचं कार्थेज मला त्यांच्यापुढे अपुरं वाटतं. मी अजून निर्धाराच्याच बाजूने आहे, फक्त मुलांना एकट्याने निर्धार करायला लावू नये असं आता म्हणेन.

खजिनदार (नगर)

त्या दोघांना माझा सलाम सांगा. माझ्यापेक्षा ते बरे आहेत.

तिसऱ्या वर्षाच्या पोरा, तुझं वाचून झोप लागली नाही. तुझं गुपित बाजारात नेणाऱ्यांनी तुझ्यावर अन्याय केला आणि प्रार्थनेचं नाव घेऊन केला. त्याची माफी मंडळीने तुझ्याकडे मागायला हवी. पुन्हा गटापुढे सांगू नकोस. एकच माणूस निवड. जो कधी तुझ्याजवळ दुसऱ्याचं काही बोलला नाही, असा. पाळक असो, मामा असो, कॉलेजातले सर असोत. त्याला आकडा सांग, किती गेले ते. आकडा न सांगता सांगितलेलं अर्धवट राहतं, हे मी अनुभवाने सांगतो.

पहाटेची वेळ तुझी वाईट आहे, हे तू स्वतःच लिहिलं आहेस. मग आज रात्री फोन खोलीतल्या मित्राकडे चार्जिंगला दे. तो का विचारेल तेव्हा "माझ्याच्याने राहवत नाही" एवढंच म्हण. हॉस्टेलचे पैसे कुठे भरायचे आणि कधीपर्यंत ते मला इथे निरोपात कळव. आपण दोघं मिळून घरी कसं सांगायचं ते ठरवू. मी रविवारी दुपारी दोनपर्यंत मोजणीत असतो, त्यानंतर मोकळा आहे.