गौरीसाठी पाळी लांबवायची गोळी: घ्यावी की नाही?

केतकी: गणपती जवळ आले की सोसायटीच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतो: 'गोळीने अडलेलं रक्त आत साचतं, सडतं.' साफ खोटं. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन घसरतं, मग गर्भाशयाच्या अस्तरातली एमएमपी नावाची एन्झाइमं जोर धरतात. पेशींना धरून ठेवणारं जाळं ती कुरतडतात, म्हणून अस्तर सुटतं. गोळीतलं नॉरएथिस्टेरॉन प्रोजेस्टेरॉनची जागा घेऊन त्या एन्झाइमांना दाबून ठेवतं. जे सुटलंच नाही ते साचणार कुठून? माझं मत: खुशाल घ्या.

चाफा७: फॉरवर्ड खोटा, मान्य. पण 'खुशाल'? नॉरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात एथिनिल इस्ट्राडायोल होतो, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतलंच, रक्ताच्या गुठळीचा धोका वाढवणारं इस्ट्रोजेन. पायात कधी गुठळी झाली असेल, तर या गोळीला हातही लावू नये. मेडिकलवाला हे विचारतो का? पाकीट कापून हातात ठेवतो.

केतकी: मग मेडिकलवाल्याला धरा की! डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, हे मी गृहीत धरलं होतं.

चाफा७: तुम्ही धरलंत, वाचणारी धरेलच असं नाही.

मुग्धा: गेल्या वर्षी जावेने डाग दिसल्यावर सुरू केली. काडीचा उपयोग झाला नाही, वर मळमळ. भंपक औषध आहे.

केतकी: उशीर झाला हो. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, तीही तारखेच्या तीन दिवस आधीपासून. एन्झाइमं एकदा कामाला लागली की मागाहून हार्मोन देऊन आवरत नाहीत.

चाफा७: आणि गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत हार्मोनची तीच घसरण. कॉक्स-२ नावाचं दुसरं एन्झाइम वाढतं, गर्भाशय आवळणारी प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, कळा सुरू. मग ते कॉक्स अडवायला मेफेनॅमिक ॲसिड ही दुखण्यावरची गोळी. एका गोळीपायी दुसरी!

केतकी: कळा तर एरवीही येतातच.

सुनंदा: मुळात घ्यायचीच कशाला? आमच्या सासूबाई म्हणायच्या, गौर माहेरवाशीण, बाईमाणूस. तिला कसला आलाय विटाळ? पाळीत मी पुरणपोळ्याही लाटल्यात.

मुग्धा: आमच्याकडे तसं नुसतं बोलून तर दाखवा.

केतकी: तेच ना. सुनंदाताई, अशा सासूबाई चिठ्ठीवर मिळत नाहीत. तोवर गोळी आहे.

चाफा७: असू दे. निदान आज ग्रुपवर त्या फॉरवर्डच्या खाली गुठळीचं तेवढं लिहा.