दोस्तोयेव्हस्की पहिल्यांदाच वाचणार आहे, ५०० च्या आत कुठलं पुस्तक घेऊ?

लोकलप्रवासी
नमस्कार मंडळी. बदलापूर ते सीएसएमटी रोजचा प्रवास, मोबाइल बघून बघून डोळ्यांची वाट लागलीय म्हणून पुन्हा पुस्तक सुरू करायचंय. ऑफिसातल्या एकाने दोस्तोयेव्हस्की वाच दोस्तोयेव्हस्की वाच म्हणून डोकं खाल्लंय. रशियन याआधी काहीच वाचलेलं नाही. एकच पुस्तक घेणार, बजेट ५०० रुपये, इंग्रजी चालेल. गर्दीत एका हातात धरता आलं पाहिजे, दुसऱ्या हाताने वरची कडी धरायची असते. आणि प्लीज "आधी टॉलस्टॉय वाच" असं कोणी सांगू नका.

पुस्तकवेडा_नाशिक
डोळे मिटून 'ब्रदर्स करामाझव्ह' घ्या. मी हार्डबाउंड घेतलं १८०० ला, घरी येणारा प्रत्येक जण आधी ते उचलून बघतो. ही त्याची शेवटची कादंबरी, १८७९-८० मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि १८८१ च्या सुरुवातीला तो गेलाच. बाप, तीन मुलगे, इस्टेटीची भांडणं, बापाचा खून, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यात घडेल अशी गोष्ट. लिहायला घेतली त्या सुमारास, १८७८ मध्ये, त्याचा अल्योशा नावाचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा फिट येऊन गेला. दोस्तोयेव्हस्कीला स्वतःला फिट्स यायच्या, त्यामुळे हे दुखणं आपल्याकडूनच गेलं असं त्याच्या मनाने घेतलं. करामाझव्हमधल्या धाकट्या भावाचं नाव अल्योशा आहे हे लक्षात ठेवून वाचा. बजेट थोडं वाढवा, एवढं काय.

कोथरूडकर
करामाझव्हला +१. पण खरं सांगू का, आधी टॉलस्टॉय वाचा.

लोकलप्रवासी
😀 काका, धागा वाचला का?

कोथरूडकर
वाचला. म्हणूनच सांगतोय.

मिरजेची_मिरची
हजार पानांचं पुस्तक लोकलमध्ये एका हातात?? नाशिककरांनी बदलापूर लोकल पाहिलेली नाही. 'क्राइम अँड पनिशमेंट' घ्या, सगळे तिथूनच सुरुवात करतात. शिक्षण अर्धवट सुटलेला, खोलीचं भाडं थकलेला रास्कोल्निकोव्ह एका सावकार म्हातारीला कुऱ्हाडीने मारतो, हे तुम्हाला लवकरच कळतं, म्हणजे खून कोणी केला हा प्रश्नच नाही, आता याच्या डोक्याचं काय होणार हा प्रश्न. जुलैचा उकाडा, घामट गल्ल्या, आणि त्याच्या खोलीपासून म्हातारीच्या घरापर्यंत ७३० पावलं, त्याने मोजून ठेवलेली! मी कॉलेजात असताना वाचलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, आई म्हणाली ताप आहे का.

बापूसाहेब
आमच्या वेळी रशियन पुस्तकांची प्रदर्शनं लागायची, बांधणी दणकट, कागद जाड, किंमत पाच-सात रुपये. आता ५०० रुपयांत गोंद सुटणारी पुस्तकं देतात. असो. 'क्राइम अँड पनिशमेंट'च घ्या. वर कोणी सांगितलं असेल तर माहीत नाही, सगळे प्रतिसाद वाचायचा कंटाळा.

नावात_काय_नाही
अवांतर: उच्चार 'दस्तयेव्स्की'च्या जवळ जातो. पहिला ओ तोंडात अ होतो.

बापूसाहेब
मग त्या दुसऱ्या रशियन लेखकाला, गोगोलला, काय गागोल म्हणायचं का?

नावात_काय_नाही
नाही, तिथे पहिल्याच ओवर जोर आहे. बदलतो तो बिनजोराचा ओ.

मिरजेची_मिरची
नावांवरून आठवलं, लोकलप्रवासी, पहिल्या पानाच्या कोऱ्या बाजूला नावं लिहून ठेवत जा. रोद्या, रोदियन रोमानोविच, रास्कोल्निकोव्ह हा एकच माणूस. मधलं नाव बापाचं, आपल्यासारखंच, फक्त हाक मारताना तेही जोडतात. मी पन्नास पानं तीन वेगळी माणसं समजून वाचली होती.

फ्रँकफर्टचा_मन्या
सगळे जाडजूड सांगताय, 'गॅम्बलर' कोणीच कसं सांगितलं नाही? दीडदोनशे पानांत काम तमाम. आणि पुस्तकामागची गोष्ट तर पुस्तकाहून भारी. स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाकडून याने ३००० रूबल घेतलेले, अट अशी की १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं हा जे लिहील ते स्टेलोव्स्की फुकटात छापणार. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ नाही. मग वीस वर्षांची आन्ना नावाची लघुलेखक मुलगी आली, हा दुपारी बोलायचा, ती घरी जाऊन रात्री उतरवून काढायची, २६ दिवसांत कादंबरी पुरी. द्यायला गेला तर प्रकाशक मुद्दाम गायब! याने पोलीस चौकीत बाड जमा करून पावती घेतली. पुढच्या फेब्रुवारीत त्याच मुलीशी लग्न, तो ४५ चा. जुगार त्यानंतरही चारेक वर्षं चालूच, लग्नाची अंगठीसुद्धा गहाण टाकायचा. मी इकडच्या एका कसिनोच्या दारापर्यंत जाऊन आलोय, आत गेलो नाही, बायको सोबत होती.

कोथरूडकर
त्या आन्नाबाईंनी पुढे नवऱ्याची पुस्तकं स्वतः छापून विकली, कर्ज फेडलं. कादंबरी तिच्यावर व्हायला हवी. तरी टॉलस्टॉय तो टॉलस्टॉयच.

पुस्तकवेडा_नाशिक
कोथरूडकर, तुमच्या टॉलस्टॉयने १९१० मध्ये घर सोडलं त्याच्या आधीच्या दिवसांत तो काय वाचत होता? करामाझव्ह.

कोथरूडकर
वाचत होता, आवडत होतं असं कुठे म्हणालाय? आणि 'क्राइम' ज्या मासिकात १८६६ ला येत होतं त्याच मासिकात 'वॉर अँड पीस'चे सुरुवातीचे भागही आलेत. वाचकांची चैन होती. दोघं आयुष्यात एकदाही भेटले नाहीत हे बरंच झालं.

सिनेमावाली
हे सगळं सोडा. 'व्हाइट नाइट्स' घ्या, पाऊणशे पानं, चार रात्री आणि एक सकाळ. 'सावरिया' यावरूनच काढलेला. माझ्या बहिणीने सिनेमा बघून पुस्तक घेतलं आणि निळा रंग कुठे आहे म्हणून विचारत होती. राज कपूरचा 'फिर सुबह होगी' पण 'क्राइम'वरूनच, १९५८ चा. शाहरुखने 'इडियट' केलाय मणी कौलकडे, तो मात्र बघू नका, झोप येते.

बापूसाहेब
'फिर सुबह होगी'ची गाणी! साहिर-खय्याम. आता अशी होत नाहीत.

अनुवादकंटक
विचारलंय काय, चाललंय काय. कामाचं सांगतो. घेताना आतल्या पानावर अनुवादकाचं नाव आहे का बघा, नसेल तर ठेवून द्या. मी ऑनलाइन ९९ रुपयांत एक घेतलं, नाव नाही, अक्षर मुंगीएवढं, आणि निम्म्या पुस्तकानंतर कळलं की संक्षिप्त आहे. कॉन्स्टन्स गार्नेटबाईंचे अनुवाद १९१० च्या दशकातले, ते प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या साइटवर फुकट आहेत, छापील स्वस्त आवृत्त्या बहुतेक त्याच असतात. भाषा जुनी पण चालते, थांबत नाही. पेव्हियर-व्होलोखोन्स्की जोडीचे मूळ वाक्याला जास्त चिकटून, पण नवीन घेतलं तर ५०० च्या वर जाईल. आधी दहा पानं फुकटात वाचा, जमलं तर छापील घ्या. आणि सुरुवात 'इडियट'ने करू नका, मधली दोनशे पानं भरकटतात.

मिरजेची_मिरची
इडियट नको याला +१

पुस्तकवेडा_नाशिक
इडियट नको याला +१००. करामाझव्ह.

सायबेरिया_रिटर्न
मी वेगळंच सांगणार होतो, 'हाउस ऑफ द डेड', तुरुंगातल्या दिवसांवरचं. पण आधी हा तुरुंगात का गेला ते कोणीच लिहिलं नाही. १८४९ ला पेत्राशेव्स्की नावाच्या माणसाच्या घरी जमून बंदी असलेल्या विचारांवर बोलणाऱ्या मंडळींबरोबर पकडला. मोठा आरोप काय, तर समीक्षक बेलिन्स्कीने गोगोलला लिहिलेलं बंदी घातलेलं पत्र बैठकीत मोठ्याने वाचलं. २२ डिसेंबरला सगळ्यांना पीटर्सबर्गच्या सेम्योनोव्स्की चौकात आणलं, गोळ्या घालून मारण्याची शिक्षा वाचून दाखवली, पांढरे सदरे चढवले, पहिल्या तिघांना खांबाला बांधलं. हा पुढच्या तिघांत. बंदुका रोखल्या आणि तेवढ्यात झारचा हुकूम आला, शिक्षा माफ, सक्तमजुरी. सगळं आधीच ठरलेलं नाटक होतं. बांधलेल्या तिघांतल्या ग्रिगोर्येव्हचं डोकं कायमचं फिरलं. याला ओम्स्कला चार वर्षं, पायात बेड्या, जवळ पुस्तक एकच, वाटेत तोबोल्स्कला कैद्यांच्या बायकांनी दिलेलं बायबलचा नवा करार. वय २८. पुढचं सगळं लिखाण या माणसाचं आहे.

त्या शेवटच्या पाच मिनिटांत माणूस काय विचार करतो ते त्याने नंतर एका पात्राच्या तोंडी घातलंय. दोन मिनिटं सोबत्यांचा निरोप घ्यायला, दोन स्वतःचा विचार करायला, उरलेला वेळ आजूबाजूला बघायला. आणि समोर चर्चचं सोनेरी छत उन्हात चमकतंय, त्यावरून नजर हटत नाही.

लोकलप्रवासी
बाप रे. हे कुठल्या पुस्तकात आहे?

सायबेरिया_रिटर्न
'इडियट'मध्ये. पहिल्याच भागात. पण वर सगळे नको म्हणतायत ते बरोबर आहे, मीपण दोनदा अर्धवट सोडलंय.

अनुवादकंटक
नकोच. 'क्राइम' घ्या, गार्नेट.

फ्रँकफर्टचा_मन्या
गॅम्बलर. दीडशे पानं.

लोकलप्रवासी
मंडळी, मनापासून आभार, पण शिव्या घालू नका. शनिवारी फोर्टच्या फुटपाथवर गेलो होतो, 'क्राइम' घ्यायलाच. बाजूला 'इडियट' पडलं होतं, जुनं, १५० रुपये, आत गार्नेट असं नाव आहे (कंटकसाहेब, बघितलं). सहज पहिलं पान उघडलं तर ट्रेन! नोव्हेंबरअखेर, सकाळचे नऊ, थर्ड क्लास, दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसलीयत, आणि तिसरा एक मधेच तोंड घालतोय. आमच्या डब्यात रोज हेच चालतं. घेतलं. जाड आहे, एका हातात राहत नाही, आज कांजूरमार्गला एका काकांच्या टकलावर पडलं. ते पाच मिनिटांचं आलं, उतरायचं स्टेशन विसरलो असतो पण सीएसएमटीच्या पुढे गाडी जात नाही.

पुस्तकवेडा_नाशिक
विचारायचं कशाला मग.

कोथरूडकर
लोकलप्रवासी, नायकाचं पूर्ण नाव बघितलंत का?

लोकलप्रवासी
प्रिन्स मिश्किन. लेव्ह निकोलायेविच.

कोथरूडकर
आता टॉलस्टॉयचं बघा.