फोटो मोठा करून बघा
रस्त्यावरचे वेग पकडणारे कॅमेरे म्हणजे निव्वळ दंडवसुली, असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर रोज वाशी ते बेलापूर गाडी चालवतो. कॅमेऱ्याच्या अलीकडे सगळे अचानक सज्जन होतात, खांब मागे पडला की पुन्हा सुसाट. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोला!

पण दंडाचं चलन आलं की डोळे झाकून भरू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली 167अ हा नियम आला. त्यानुसार कॅमेरा असलेल्या पट्ट्यात वाहनचालकांना दिसेल असा सूचनाफलक हवा आणि यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं. मला मागच्या वर्षी वेगमर्यादा ओलांडल्याचं चलन आलं. फोटो मोठा करून पाहिला तर गाडी भलतीच! माझ्या नंबरातला 8 तिच्यावर 3 होता. ई-चलनाच्या साइटवरच तक्रारीची सोय आहे, तिथे आरसीचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राचा) आणि गाडीचा पुढून काढलेला फोटो टाकला. तीनेक आठवडे गेले, एकदा आठवण करावी लागली, पण चलन रद्द झालं. बायको म्हणत होती, भरून टाक आणि सुट.