मदत हवी आहे: सन 1900 च्या सुमारास शेतकरी घरातल्या बाईची नोंद कुठे शोधावी?

पारनेर तालुक्यातल्या (नगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) माझ्या खापरपणजीचं आयुष्य जुळवायचा प्रयत्न करते आहे. कोरडवाहू बाजरी, पाच मुलं. छप्पन्नाच्या दुष्काळात (1899-1900) ती तान्हं मूल झोळीत घालून सरकारी कामावर खडी फोडायला जायची, एवढं आत्याआजीकडून कळलं.

सातबारा आणि जुने फेरफार पाहिले. सगळीकडे पुरुषांचीच नावं. 1918 च्या साथीत नवरा गेल्यावर मात्र मुलांच्या वारस नोंदीत 'अ.पा.क. आई' (अज्ञान पालन कर्ता, म्हणजे अल्पवयीन मुलांची पालक) म्हणून तिचं नाव सापडलं. तिच्या हयातीतला तोच एक कागद, आणि तो हातात आला तेव्हा मला रडू आलं. तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना 14 च्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या, काही पानांचे फोटोही मिळाले आहेत. ती मोडीत आहेत, मला वाचता येत नाहीत. जिथे कुणी वाचून दिलं तिथे बापाचं नाव आणि 'मुलगी झाली' एवढंच, आईचा उल्लेख नाही.

माहेरचं गाव माहीत नाही, त्यामुळे तिकडून शोध घेता येत नाही. मी नाशिकला असते, नगर किंवा पुण्याला महिन्यातून एकदा जाऊ शकते. मोडी वाचनाचे पैसे द्यायची तयारी आहे.

दुष्काळी कामांवरच्या मजुरांच्या हजेऱ्या किंवा तगाईचे (शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी कर्जाचे) कागद गावनिहाय कुठे जपलेले आहेत का? पुण्याच्या पुराभिलेखागारात जायचं तर नेमकं कोणतं दफ्तर मागायचं?