‘स्वतंत्र घटना’ आणि ‘परस्पर अपवर्जी घटना’ यात नेमका फरक काय?

संभाव्यता शिकायला घेतलीये आणि या दोन शब्दांपाशी गाडी अडलीये. दुसरा म्हणजे ज्याला सगळे म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह म्हणतात तो. मला तर दोन्ही एकच वाटतात, दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही म्हणजे स्वतंत्रच झाल्या ना? मग दोन वेगळे शब्द कशाला?

*

सगळा घोळ ‘संबंध नाही’ या शब्दांमुळे होतोय बघ. अपवर्जी म्हणजे एक घडली की दुसरी बादच. एक फासा टाकला, सम आकडा येणं ही एक घटना आणि विषम येणं ही दुसरी. आता सम आलाय एवढंच मी तुला सांगितलं तर विषम येण्याची संभाव्यता १/२ वरून थेट ० वर आली, याहून घट्ट संबंध तो काय असणार!

स्वतंत्र म्हणजे एक घडल्याचं कळलं तरी दुसरीच्या संभाव्यतेत तिळमात्र फरक पडत नाही. गणितात तपासायचं तर दोन्ही एकदम घडण्याची संभाव्यता त्या दोघींच्या संभाव्यतांच्या गुणाकाराएवढी भरली पाहिजे. सम-विषमचा गुणाकार १/४ येतो, पण दोन्ही एकदम घडायची संभाव्यता ०, म्हणजे या दोघी स्वतंत्र नाहीतच.

*

वरचं बरोबरच आहे, पण स्वतंत्र घटना नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात असं समजू नकोस. दोन फासे घे, एकूण ३६ निष्पत्ती. ‘पहिल्या फाशावर ३’ आणि ‘बेरीज ७’ या दोन घटना स्वतंत्र आहेत का? बहुतेक मुलं पटकन नाही म्हणतात, कारण बेरजेत पहिला फासा आहेच की. पण मोजून बघ, बेरीज ७ सहा प्रकारे येते म्हणून ६/३६ म्हणजे १/६, पहिल्यावर ३ येण्याची पण १/६, आणि दोन्ही एकदम फक्त (३, ४) मध्ये, म्हणजे १/३६. गुणाकार तंतोतंत जुळला, स्वतंत्र!

आता ७ च्या जागी ८ घे. बेरीज ८ पाचच प्रकारे येते, ५/३६, पण पहिल्यावर ३ आलाय हे कळलं की ती १/६ म्हणजे ६/३६ होते, वाढली. झालं, स्वतंत्र नाहीत. कारण पहिल्यावर काहीही येऊ दे, ७ करायला लागणारा आकडा दुसऱ्या फाशावर असतोच, पण ८ साठी पहिल्यावर १ आला तर दुसऱ्यावर ७ लागेल आणि तो तर फाशावर नाहीच. मला हे उदाहरण फार आवडतं, यात अंदाज चालतच नाही, हिशोबच करावा लागतो.

*

आत्ता डोक्यात शिरलं, खूप आभार. मग अजून एक, नाणं टाकल्यावर लागोपाठ पाच वेळा छापा आला तर पुढच्या वेळी काटा यायची शक्यता जास्त ना? शेवटी निम्मे-निम्मे व्हायला हवेत असा नियम आहे म्हणतात.

*

नाही नाही, प्रत्येक फेक स्वतंत्र आहे, सहाव्या वेळीही १/२ च. तू म्हणतोयस तो मोठ्या संख्यांचा नियम, याकोब बर्नुली या गणितज्ञाचा, त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापला गेला. तो नियम प्रमाणाबद्दल बोलतो, म्हणजे फेकी वाढत गेल्या की छाप्यांचं प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं एवढंच, आधीचे पाच छापे काट्यांनी भरून निघतील असं तो कुठेच म्हणत नाही. समज या पाचनंतर आणखी १००० वेळा नाणं टाकलं आणि त्यात बरोब्बर निम्मे छापे आले, तर एकूण १००५ मध्ये ५०५ छापे, म्हणजे साधारण ५०.२ टक्के. सुरुवातीचे पाच छापे तिथेच आहेत, कोणी त्यांची भरपाई केलेली नाही, फक्त एवढ्या फेकींत ते जाणवत नाहीत इतकंच.

*

मूळ प्रश्नाबद्दल एक बारीक गोष्ट राहिली. दोन घटना अपवर्जी पण आणि स्वतंत्र पण असू शकतात, पण दोघींपैकी निदान एकीची संभाव्यता ० असेल तरच, जसं एकाच फाशावर ‘७ येणं’ आणि ‘सम येणं’. गुणाकार ०, एकदम घडायची संभाव्यताही ०. त्यामुळे ‘अपवर्जी घटना कधीच स्वतंत्र नसतात’ असं पेपरात सरसकट लिहू नका, दोन्ही संभाव्यता शून्याहून जास्त असतील तर, असं आधी लिहा.