एका दिवसाच्या भेटीने काय होतं?

परदेशात सेवेला गेलेलं मिशनरी जोडपं एका दिवसासाठी दूरच्या गावी जाऊन धंद्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना भेटतं, याने काय साधणार, असं एका ताईंनी विचारलंय. मला वाटतं, बरंच साधतं, पण मागे रोजचं काम चालू असेल तरच.

आमच्या सांगलीत शेजारच्या काकू भडंग करून विकतात. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तेल, सगळं वहीत मांडलेलं. गॅस मात्र घरच्या सिलिंडरचा, म्हणून तो हिशोबात नाही, आणि स्वतःची मेहनत तर धरलेलीच नाही. विक्रीचे पैसेही किराण्याच्या डब्यातच. बाहेरच्या कुणी जवळ बसून ही वही नीट पाहिली तर तासाभरात पाकिटाचा भाव बदलेल. घरच्यांचं ऐकत नाहीत, पाहुण्याचं ऐकतात, हे आपल्याकडचं खरं आहे.

पण पुढचं बळ गावातूनच यावं लागतं. साताऱ्यातल्या म्हसवडचं उदाहरण घ्या. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी माणदेशी महिला बँकेसाठी अर्ज केला, तो रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला, कारण सभासद निरक्षर. बायका साक्षरतेच्या वर्गात बसल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, वाचता येत नसेल, पण व्याज तोंडी काढून दाखवतो. 1997 मध्ये बँक उभी राहिली. पुढे धंद्याचं शिक्षण देणारी बसही गावोगाव फिरू लागली.

त्या जोडप्याने तीन महिन्यांनी फोन करून एवढंच विचारावं: घरचा डबा आणि धंद्याचा डबा वेगळा झाला का?