भाजीवरचं औषध घालवायला काय वापरता? बजेट ३०० रुपये

रत्नागिरीची_आई
पावसात आमच्याकडे बाजारातली बहुतेक भाजी घाटावरून येते. काल फ्लॉवर सोडवला तर आतल्या देठांवर पांढुरके डाग नि उग्र वास. लेक दोन वर्षांची आहे, धीरच झाला नाही, टाकून दिला. भाजी धुवायला काय घ्यावं? ३०० च्या वर जमणार नाही.

सागर_लांजा
ओझोनचं मशीन घ्या. मी साडेचार हजारांना घेतलं. पाण्यावर फेस येतो, सगळं औषध डोळ्यांना दिसतं.

कुडाळकर
ताई ३०० म्हणतत! आणि फेस म्हणजे औषध न्हय. आमची आवस मीठ-हळदीच्या पाण्यात धुता, आमका आजून काय झाला नाय.

कलमवाला_पावस
माझी हापूसची कलमं आहेत, मोहोरावर तुडतुड्यासाठी फवारावं लागतंच. काही औषधं वर बसतात, ती धुतल्यावर बरीच जातात. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात शिरतं, ते मीठ, हळद, मशीन कशानेच पुरतं निघत नाही. तिथे फवारणी नि काढणी यांत किती दिवस सोडले, यावर सगळं असतं. ते लेबलवर छापलेले असतात, पण भाव चढला की पाळले जात नाहीत, हे शेतकरी असून सांगतो. मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक भाजीवर मारायला तर बंदीच आहे.
आणि पंप धरणाऱ्याचं कोण बघतं? माझा गडी वाऱ्याच्या तोंडावर फवारत होता. दरदरून घाम, उलट्या, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. चार दिवस दवाखान्यात होता.

दापोलीची_लेक
खायचा सोडा. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे दोन सपाट छोटे चमचे. १५ मिनिटं ठेवा, मग नळाखाली चोळून धुवा. २०१७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर करून पाहिलं होतं. सालीवरचं औषध गेलं, आत मुरलेलं नाही. साबण मुळीच नको. भेंडी अख्खी धुवा, पुसा, मग चिरा. मुलांचं वजन कमी, म्हणून तेवढाच अंश त्यांना किलोमागे जास्त पडतो. तरी भाजी-फळं बंद करू नका.

सागर_लांजा
द्राक्षांवरची पांढरी पावडर जाते का सोड्याने? माझ्या मशीनने जाते.

दापोलीची_लेक
तो द्राक्षाचाच मेणासारखा थर असतो, औषध नव्हे.

देवरुखचे_काका
वरचं सगळं वाचलं नाही. खायचा सोडा वापरा. आणि गावठी भाजी घ्या, तिच्यावर औषध नसतंच.

कलमवाला_पावस
असतं काका. आमच्या वाडीतही वांग्यावर मारतात. भाजीवालीलाच विचारायचं, फवारून किती दिवस झाले.

रत्नागिरीची_आई
सगळ्यांचे आभार. भाजी सासूबाई धुतात, त्यांना मोजून सोडा घालायला लावणं माझ्याच्याने होणार नाही. लेकीला फ्लॉवर, कोबी, द्राक्षं बंद. ३०० रुपयांत बी नि शेणखत आणते, पाऊस ओसरला की परड्यात माठ, मुळा, भेंडी. तोवर घरचा भोपळा नि शेवग्याचा पाला आहे.
दादा, तुमचा गडी बरा आहे ना आता?

कलमवाला_पावस
बरा आहे. पंप धरत नाही, बेणणीला, म्हणजे गवत-झुडपं काढायला येतो.